पांदण मोकळी करा, ट्रॅकचं मग बघू

पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल हे कायद्यानं वनच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 22 मे 2025 रोजी दिला. प्रश्न एकूण 86,409 हेक्टरचा. 12 डिसेंबर 1996 पूर्वी वाटलेल्या जमिनी केंद्राच्या मंजुरीनं नियमित करायची सोय निकालात आहे, तरी नागपुरात तेव्हापासून दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, जिथे धड सावली नाही ते कसलं जंगल, उगाच विकासाला खोडा. दुसरा म्हणतो, वाचलीच आहे जमीन तर भरपूर झाडं लावा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोकच्या रानवाटांवर ग्रॅव्हल बाइक (खडी-मातीच्या वाटांसाठीची जाड टायरची सायकल) चालवणाऱ्या नागपूरकराला हे दोन्ही सूर ओळखीचे वाटतात. सफोकनं दोन्ही चुका करून पाहिल्या आहेत.

तिथल्या किनारपट्टीला सँडलिंग्ज म्हणतात. वाळूची, आम्लधर्मी, पाणी न धरणारी जमीन. त्यावर गुडघाभर हेदर, काटेरी गोर्स आणि ब्रॅकन नावाचा नेचा. या माळाला हीथ म्हणतात, आणि तो शेकडो वर्षांच्या मेंढीचराईतून घडला. चराई थांबली की बर्च आणि पाइन त्यावर चढतात. विसाव्या शतकात हा माळ निरुपयोगी ठरवून काही नांगराखाली घातला गेला, काहीवर 1919 मध्ये स्थापन झालेल्या वनखात्यानं पाइनच्या रांगा उभ्या केल्या. रेंडलशॅम, टन्स्टॉल, डनिच ही जंगलं त्यातलीच. ऑक्टोबर 1987 च्या वादळात रेंडलशॅम आणि टन्स्टॉलची बहुतेक झाडं एका रात्रीत आडवी झाली. गंमत अशी की त्या उघड्या जागांचा रातवा या निशाचर पक्ष्याला आणि चंडोलाच्या एका जातीला फायदाच झाला, कारण दोघांचंही घरटं जमिनीवर. आज जिथे हीथ परत आणायचा आहे तिथे उगवती रोपं उपटतात आणि मेंढ्या सोडतात.

आपलाही रातवा उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. पळस, हिवर, बोर, तरवड आणि मधलं गवत हेच त्याचं जंगल. तिथे खड्डे खणून ओळीनं रोपं लावली की फोटो हिरवा येईल आणि रातवा जाईल. बिगर-वनजमीन उपलब्ध नाही असं मुख्य सचिवांनी प्रमाणित केल्याशिवाय झुडपी जमीन पर्यायी वनीकरणाला (प्रकल्पात गेलेल्या वनाच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावायला) वापरू नये, असं निकालातही आहे. हा भाग चर्चेत फारसा येत नाही.

आता वाटांकडे. नागपूरच्या सायकलवाल्यांची मागणी बहुतेक वेळा ट्रॅकची असते: वेगळी लेन, रंग, खांब. सफोकमधल्या या सायकलिंगसाठी कुणी ट्रॅक बांधलेला नाही. 1968 च्या कायद्यानं घोड्यांच्या वाटांवर, म्हणजे ब्रिडलवेवर, सायकलला परवानगी दिली. अट एवढीच की पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. सायकलींसाठी वाट सुधारण्याचं बंधन सरकारवर नाही, असंही त्याच कलमात स्पष्ट आहे. हक्क दिला, गुळगुळीतपणाची हमी दिली नाही. नकाशावर पायवाट आखूड हिरव्या तुकड्यांनी आणि ब्रिडलवे लांब तुकड्यांनी दाखवतात. 1:25,000 चा नकाशा वाचता येत नसेल तर तिथे सायकल घेऊन उतरू नये. पायवाटेवर सायकलचा हक्क नाही. सर्वांना खुल्या केलेल्या माळावरही हक्क फक्त पायी फिरण्याचा आहे.

वाळू तिथली खरी परीक्षा. कोरड्या उन्हाळ्यात ती सैल होते, ओल्या हिवाळ्यात दबून घट्ट होते, म्हणून पावसाळी दिवस तिथे चांगला. टायर 40 ते 45 मिलिमीटर, ट्यूबलेस. सत्तर किलोच्या माणसाला पुढच्या टायरात साधारण 28 आणि मागच्यात 32 पीएसआय हवेचा दाब पुरतो. वाळू दिसली की आधीच हलका गिअर टाकायचा, सीटवर बसून राहायचं, वजन किंचित मागे, पायांची लय एकसारखी. उभं राहून जोर लावला की मागचं चाक जागीच फिरतं. हँडल वळवलं की पुढचं चाक रुततं आणि माणूस आडवा. चाक अडलंच तर उतरून ढकला. कडेच्या हेदरवरून सायकल काढली की वाट दरवर्षी हातभर रुंदावते, आणि मग माळाच्या मालकाची तक्रार रास्त ठरते. साखळीला तेल भरपूर लावलं तर वाळू चिकटून पॉलिश पेपरचं काम करते. त्यापेक्षा मेण बरं. धुताना प्रेशर पंप नको, तो वाळू बेअरिंगमध्ये ढकलतो.

नागपूरला गणित उलटं. इथला शत्रू काळी माती. ओली असताना ती टायरवर थर धरते, फोर्कमध्ये आणि मागच्या दांड्यांत ठासून बसते, चाक फिरेनासं होतं. अशा वेळी पेडलवर जोर दिला तर मागचा डिरेल्युर (गिअर बदलणारा भाग) ज्याला लटकतो तो हँगर वाकतो किंवा तुटतो, आणि सायकल खांद्यावर घेऊन परतावं लागतं. म्हणून टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना किमान 6 मिलिमीटर मोकळं हवं. शिसपेन्सिल सहज सरकली तर समजा जमलं. पावसाळ्यात फक्त मुरमाच्या वाटा. काळ्या मातीच्या पांदणीवर, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटेवर, पाऊस थांबून दोन-तीन दिवस कडक ऊन पडल्यावरच जा. दिवाळीनंतर तीच पांदण दगडासारखी होते, पण बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि भेगाही तशाच वाळतात. चाकोरीत उतरलेलं पुढचं चाक तिरकं बाहेर काढू नका. वेग कमी करून थांबा, उचलून घ्या.

बाभळीचा काटा गोर्सपेक्षा वाईट. दर टायरमध्ये 60 ते 80 मिलिलिटर सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घाला, आणि एप्रिल-मेमध्ये ते दर महिन्याला तपासा, उन्हानं लवकर सुकतं. हवा टिकून असेल तर रुतलेला काटा वाटेत उपटू नका. उपटलाच तर भोक खाली येईल असं चाक फिरवून थांबा. ट्यूब टाकायची वेळ आली तर आधी टायरच्या आतून बोट फिरवून सगळे काटे काढा. बहुतेकांची दुसरी ट्यूब फुटते ती इथेच. महागडी ग्रॅव्हल बाइक हवीच असंही नाही, 38-40 चे टायर मावतील अशी हायब्रिड पुरते. आणि शेताच्या कडेच्या तारेला हात लावू नका. रानडुकरासाठी तिच्यात वीज सोडलेली असू शकते.

पण वाट असली पाहिजे. आपल्या गाव नकाशावर पायमार्ग तुटक एकेरी आणि गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेनं दाखवलेले असतात, म्हणजे कागद आपल्याकडेही आहे. जमिनीवर मात्र दोन्हीकडच्या शेतांच्या धुऱ्यांनी, म्हणजे बांधांनी, पांदण खाल्लेली असते. अडवलेला वहिवाटीचा शेतरस्ता मोकळा करायला मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 आहे. अर्ज अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत, आणि तो शेतकऱ्यानं करायचा. सायकलवाल्याला त्यात स्थान नाही. 2021 मध्ये आलेल्या राज्य सरकारच्या मातोश्री शेत-पाणंद रस्ते योजनेतून पांदणी पक्क्या होऊ लागल्या, त्या व्हाव्यातच. कापूस घरी आणणाऱ्या माणसाची गरज सायकलपेक्षा मोठी. माझं म्हणणं एवढंच की मुरूम आणि खडीवर थांबा, सिमेंटपर्यंत जाऊ नका. शहरातल्या सिमेंट रस्त्यांचा अनुभव नागपूरकरांना नव्यानं सांगायला नको.

आणि झुडपीचं काम आत्ताच करून घ्या. 3 हेक्टरपेक्षा लहान, वनाला न लागलेले तुकडे संरक्षित वन घोषित व्हायचे आहेत. प्रत्येक तुकड्याची मोजणी होईल तेव्हा त्यातून जाणारी गाडीवाट आणि गावाचे निस्तार हक्क (चराई, सरपण यांचे परंपरागत हक्क) त्याच नकाशावर उतरले पाहिजेत. नंतर कुंपण पडलं की गुराखी, सरपण आणणारी बाई आणि सायकलवाला तिघंही अतिक्रमणवाले ठरतील. हिंगणा आणि काटोल रोडच्या बाजूच्या ग्रुपनी रविवारच्या राइडचा जीपीएस ट्रॅक गाव नकाशावर टाकून पाहावा, कुठे रेषा आहे आणि वाट नाही ते लगेच दिसेल. ती यादी तलाठ्याकडे द्या, आणि सोबत त्या गावचा एक शेतकरी न्या.