वाकळ शिवायला नकार का दिला: दोन स्टारच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की वाकळेचा (म्हणजे गोधडीचा) वरचा थर घरी जोडून आणला होता, आम्ही फक्त शिलाई मारायची होती. त्याऐवजी आम्ही टेप लावून खोट काढली, पट्ट्या उसवायचे ४५० रुपये जादा सांगितले आणि तुम्ही नको म्हटल्यावर काम न करताच गाठोडं परत दिलं. शेवटी लिहिलंत, ‘शिलाई मारली की झोळ आपोआप बसतो, माझ्या आईनं जन्मात कधी वाकळेला टेप लावली नाही.’ गडहिंग्लजहून एसटीत एवढं ओझं आणायचं आणि तसंच परत न्यायचं, राग येणारच. पण तोच थर उद्या परत टेबलावर आला तर आम्ही तेच करू. का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण झोळाचा हा प्रश्न दुकानात नेहमी निघतो आणि वाचणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

आधी पैशाचं. शिलाईचे १८०० ठरले होते, ते १८००च आहेत. ४५० हे दोन पट्ट्या उसवून, मोजून, परत लावायचे. ते काम घरी केलंत तर आम्हाला एक रुपया द्यायचा नाही, हे त्या दिवशीही बोललो होतो. आगाऊ दिलेली रक्कम तिथल्या तिथं परत दिली. पैशाचा विषय एवढाच.

आता टेपचं. तुमच्यासमोरच थर टेबलावर पसरला होता. मधोमध लांबी भरली ८८ इंच. डाव्या काठानं ९१, उजव्या काठानं ९०.५. म्हणजे मधलं अंग जेवढं आहे त्यापेक्षा एका बाजूला ३ इंच आणि दुसऱ्या बाजूला अडीच इंच कापड जास्त. ते जादा कापड कुठं जाणार? म्हणून काठ वाळत घातलेल्या पापडाच्या कडेसारखा वरखाली होत होता. हातानं दाबला की एका जागी बसायचा आणि वीतभर पुढं फुगायचा. तुम्हीही दाबून बघितलंत.

‘शिलाई मारली की बसतो’ हे हाताच्या कामात बऱ्याच अंशी खरं आहे, आणि तुमच्या आईंना टेप का लागली नाही याचं उत्तरही त्यातच आहे. आपल्याकडची जुनी वाकळ आधी जोडून मग शिवत नाहीत. जुनी लुगडी, साड्या जमिनीवर अंथरायच्या, चारी बाजूंनी बायका बसायच्या, काठापासून धावदोरा सुरू करून गोल गोल आत यायचं. ठिगळ त्या त्या जागी ठेवून, कड आत दुमडून, लगेच टाकायचं. कापड जरा जास्त झालं तर अंगठ्यानं पुढं सरकवायचं, नाहीतर पुढच्या ठिगळाखाली मुडपून टाकायचं. आणि धावदोऱ्यानं सगळी वाकळच बारीक आकसते, त्यात थोडाफार झोळ कुणाला दिसतही नाही. म्हणजे माप घेतलं जात नव्हतं असं नाही. टाक्यागणिक हात माप घेत होता. आमच्या मते ते काम मशीनच्या कामापेक्षा सरसच आहे, यात वाद नाही.

पण तुमचा थर तसा नव्हता. तुम्ही चौकोन-त्रिकोण मशीनवर जोडले, बाहेरून पट्टी लावली आणि आत जुन्या साड्यांऐवजी वॅडिंग, म्हणजे तयार मिळणारा मऊ जाड थर, घालायला सांगितलंत. असा थर आमच्या मशीनवर दोन रुळांमध्ये ताणून बसवतात आणि जसजशी शिलाई होईल तसतसा गुंडाळत नेतात. मधलं अंग ताठ राहतं आणि काठ सैल. रूळ जेवढा फिरेल तेवढा तो सैलपणा काठाला साठत जातो. मशीनचा फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग) त्या सैल कापडाला ढकलत पुढं नेतो, समोर एक लाट उभी राहते, आणि आडवी टीप आली की ती लाट तिथंच चिमटली जाते. चुणी पडते ती कायमची. इस्त्रीनं जात नाही, धुण्यानं जात नाही. काढायची तर शेकडो टाके उसवायचे आणि वॅडिंगमधून सुईची भोकं बघत बसायचं. इंचभर जास्तीचं कापड आम्ही वाफ देऊन, कापड जिरवत जिरवत घेतो, त्याचे कधी वेगळे पैसे लावत नाही. ३ इंच जिरत नाहीत.

हे झालं कसं? तुमच्या शिवणीत दोष नव्हता, टीप एकदम सरळ होती. भानगड दोन ठिकाणी आहे. काठाला जे त्रिकोण लागले आहेत त्यांची उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी कापलेली, बाजू बाहेर आली आहे. उरेब कापड हात लावला तरी ताणतं. जोडताना, उचलताना, इस्त्री घासताना तो काठ वाढत गेला. मग पट्टी लावताना तुम्ही, बहुतेक जण करतात तसं, लांब पट्टी घेऊन काठाला लावत गेलात आणि शेवटी उरलेली कापलीत. पट्टीनं वाढलेल्या काठाचं माप घेतलं, मधल्या अंगाचं नाही. त्यात पट्टी आडव्या धाग्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीत, कापलेली, ती उभ्या धाग्यापेक्षा जास्त ताणते. पट्टीचं पॉपलीन चांगलं होतं, इचलकरंजीच्या मालाबद्दल आमची काही तक्रार नाही.

आत दोन-तीन चौकोनही फुगले होते, ते मायेमुळं, म्हणजे शिवणीत आत जाणाऱ्या कापडामुळं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ज्यांना वाटतं अर्ध्या सुतानं काय होतंय, त्यांनी हिशेब करून बघावा. शिवणीत दोन्ही तुकड्यांची माया जाते, म्हणून माया अर्धा सूत जास्त घेतली की ओळ एक सूत कमी होते. १६ तुकड्यांच्या ओळीत १५ शिवणी, म्हणजे १५ सूत, म्हणजे जवळजवळ २ इंच. शेजारची ओळ बरोबर शिवली असेल तर ती या ओळीला जोडताना फुगणारच. तुमच्याकडं फरक एवढा नव्हता. ते चौकोन ओलं फडकं ठेवून वाफेवर बसले असते, त्यासाठी आम्ही काम अडवलं नसतं.

आता घरी करायचं असेल तर असं करा. फक्त दोन्ही लांब बाजूंच्या पट्ट्या उसवा. आखूड बाजूंच्या पट्ट्या त्यांच्या टोकांना जोडल्या आहेत, त्यामुळं कोपऱ्यातला तेवढा भागही सुटा करावा लागेल. थर सपाट जमिनीवर पसरा. लांबी मधोमध मोजा, मग दोन्ही बाजूंना काठापासून हातभर आत मोजा. तीन मापांत किरकोळ फरक येईल, त्याची सरासरी धरा. काठाचं माप घेऊच नका, तोच तर खोटं बोलतोय. दोन्ही पट्ट्या त्या एकाच मापाच्या, उभ्या धाग्यावर कापा. पॉपलीन कापायच्या आधी धुऊन वाळवा. मधले तुकडे ज्या साड्यांचे आहेत त्या शंभरदा धुतल्या गेल्यात, त्यांचं आकसून झालंय. कोरी पट्टी पहिल्या धुण्यात आकसली तर उलटं होईल, पट्टी ओढेल आणि मधलं अंग फुगेल.

मग पट्टीची मधली खूण थराच्या मधल्या खुणेवर, टोकं टोकांवर, मग चतकोरावर अशा टाचण्या लावा. काठ पट्टीपेक्षा जास्त दिसेल, दिसू दे. काठावर मोठ्या टाक्याची टीप मारून दोरा हलका ओढला की तो जास्तीचा भाग सारखा पसरतो. आता मशीनवर घेताना थर खाली आणि पट्टी वर ठेवा. हे उलटं करू नका. मशीनचे दात खालचं कापड वरच्यापेक्षा जरा जास्त ओढून घेतात, म्हणून जे जास्त आहे ते खाली गेलं की चुणी न पडता जिरतं. आमच्याकडं शिकायला येणाऱ्या मुलींना सगळ्यात आधी हेच दाखवतो आणि सगळ्यात जास्त विसरतातही हेच. लांब बाजू झाल्या की रुंदी पट्ट्यांसकट परत मोजायची आणि वरखालच्या पट्ट्यांची कोपऱ्यात सुटी केलेली टोकं त्या मापानं परत लावायची.

इस्त्री उचलून ठेवायची, घासायची नाही. उरेब काठाला आधी कांजी दिलीत तर काम निम्मं सोपं होईल, फक्त ऊन बघून द्या. पावसाळ्यात कांजीचं कापड वाळता वाळत नाही आणि वास मारतं. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. तुमच्या थरात एक कर्ण दुसऱ्यापेक्षा दीड इंच जास्त भरत होता. पट्टी नीट बसल्यावर तो फरक कमी होईल. अर्ध्या इंचापर्यंत राहिला तरी चालतो.

काही जण झोळ कोपऱ्यात ओढून नेतात, तिथं चिमटा घेतात आणि वर ठिगळ लावतात. तसं करून मिळेल का, हे तुम्हीही विचारलं होतं. ज्यांना चालतं त्यांनी करावं, आम्ही करत नाही. कोपरा जाड होतो, सुई तुटते आणि पांघरल्यावर नेमका तोच गोळा पायाला लागतो.

तुमचे स्टार बदला असं आम्ही म्हणणार नाही. पट्ट्या लावून झाल्या की यायच्या आधी थराचा पसरलेला फोटो आणि तिन्ही मापं व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे एसटीची फेरी फुकट जाणार नाही. मागच्या वेळी अस्तर काठोकाठ होतं. यावेळी ते वरच्या थरापेक्षा चारी बाजूंनी ४ इंच जास्त ठेवा, रुळाला पकडायला तेवढं लागतं. सोमवारी दुकान बंद असतं.