कॅलिस्टोगाला जाताय? आधी चिखल, मग वाइन

बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) पाहुणे आले की नापा या वाइनच्या खोऱ्याची एक चक्कर ठरलेली. बेत बहुधा असा: सकाळपासून तीन वाइनऱ्या, दुपारी भरपेट जेवण आणि संध्याकाळी तिथल्याच कॅलिस्टोगा गावात मड बाथ. माझ्या मते हा क्रम साफ उलटा आहे. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. दारूनेही तेच होतं, वर अंगातलं पाणी कमी होतं. मग टबातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर दोष चिखलाचा नाही.

म्हणून मड बाथची सकाळची पहिली वेळ घ्या. दोन तास आधी हलका नाश्ता, भरपूर पाणी. चिखल म्हणजे ज्वालामुखीची राख आणि गरम खनिज पाणी. काही ठिकाणी त्यात पीट, म्हणजे दलदलीतला कुजलेला पालापाचोळाही मिसळतात. इंडियन स्प्रिंग्ज या स्पामध्ये नुसती राख, डॉक्टर विल्किन्सन्स या स्पामध्ये पीटवाला, जरा मऊ. त्यात माणूस बुडत नाही, वरच तरंगतो. हाताने चिखल ओढून गळ्यापर्यंत झाकतात. दहा-बारा मिनिटं पुरे. छातीवर ओझं वाटून जीव घाबरला तर लगेच सांगा, छातीवरचा चिखल काढतात. बाहेर येताना आधी बसा, मग उभे राहा. पुढे शॉवर, खनिज पाण्याचा टब, वाफ आणि शेवटी चादर गुंडाळून पडून राहणं.

आदल्या दिवशी वॅक्सिंग किंवा शेव्हिंग नको, भयंकर चुरचुरतं. चांदीचे दागिने घरी ठेवा, गंधकाने काळे पडतात. लाजणाऱ्यांनी जुना गडद स्विमसूट न्यावा. चालेल का, ते बुकिंगच्या वेळीच विचारा. गरोदर बायका आणि रक्तदाब-हृदयविकारवाल्यांनी चिखलात उतरू नये. आई-बाबांना हौस म्हणून ढकलू नका. नुसतं पूलमध्ये डुंबायचं असेल तरी आधी फोन करा, बऱ्याच ठिकाणी पूल फक्त मुक्कामी पाहुण्यांसाठी असतो.

जेवल्यावर वाइन. वाइनऱ्या दोनच, आणि दोन्हींचं बुकिंग करून. १९९०नंतर परवाना मिळालेल्या वाइनऱ्यांना नापा काउंटीच्या नियमाने आधी वेळ ठरवूनच पाहुणे घेता येतात, त्यामुळे दारात जाऊन गयावया करून उपयोग नाही. एका टेस्टिंगमध्ये साधारण ४५ मिलीचे चार-पाच घोट, म्हणजे भरलेला मोठा ग्लास झाला. चाखलेली वाइन थुंकायचं भांडं शोभेला नसतं, बिनधास्त वापरा. शातो मोंतेलेना ही वाइनरी बघाच: १९७६च्या पॅरिसच्या वाइन-स्पर्धेत फ्रेंचांना मागे टाकणारी १९७३ची शार्डोने (पांढरी वाइन) इथली. (गंमत म्हणजे तिची बहुतेक द्राक्षं शेजारच्या सोनोमा काउंटीतली.) फेसाळती वाइन आवडत असेल तर श्रॅम्सबर्ग वाइनरी, तिथले जुने भुयारी तळघर पाहण्यासारखे आहेत.

उन्हाळ्यात दुपार भाजून काढते आणि रात्री स्वेटर लागतो, हीच तफावत द्राक्षांना मानवते. उघडलेली बाटली गाडीच्या डिकीतच ठेवा, सीटजवळ सापडली तर दंड. वीकेंडला परतताना २९ नंबरचा हायवे सेंट हेलेनाजवळ तुंबतो. सिल्व्हराडो ट्रेल या रस्त्याने या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा, तेव्हा वणव्यांची भीती असते. २०१७ची टब्स नावाची आग कॅलिस्टोगाजवळच सुरू झाली आणि २०२०च्या ग्लास नावाच्या आगीत गाव रिकामं करावं लागलं होतं.