साठवलेलं पाणी ओतून देऊ नका: ‘क्वेसारच्या किरणां’च्या मेसेजला उत्तर

आत्या लातूर जिल्ह्यात एकटी राहते. परवा रात्रभर तिचा फोन बंद. सकाळी लागला तेव्हा कळलं, की घरातलं दोन ड्रम पाणी तिनं नुकतंच मोरीत ओतून दिलंय. कारण भावकीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: “आज रात्री १२.३० ते ३.३० दूरच्या क्वेसारमधून घातक गामा किरण पृथ्वीजवळून जाणार. मोबाईल बंद करून लांब ठेवा, तो किरण ओढून घेतो. साठवलेलं पाणी विषारी होईल, सकाळी फेकून द्या. नासाने सांगितले आहे.”

तिच्या नळाला दहा दिवसांनी पाणी येतं. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसांना पाणी फेकायला सांगताय? म्हणून आधी पाण्याचंच बोलते.

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रकल्पात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून त्यावर कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूचे गामा किरण मुद्दाम सोडतात. ती मात्रा माणसाच्या अंगावर पडली तर जीव जाईल इतकी असते, तरी तो कांदा आपण खातो, कारण किरण त्यात साठून राहत नाहीत. पाण्यातही राहत नाहीत.

आणि क्वेसारचे, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याचे, किरण येतात तरी किती? चित्रा नक्षत्राच्या बाजूला, कन्या राशीत ३सी २७९ नावाचा क्वेसार आहे. स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या ‘मॅजिक’ दुर्बिणीनं २००६ च्या फेब्रुवारीत त्याचे अतिउच्च ऊर्जेचे गामा किरण टिपले. ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत २००८ साली आलेल्या त्या शोधनिबंधातला सगळ्यात जोरदार रात्रीचा आकडा घेऊन हिशेब केला, तर वातावरणाच्या माथ्यावर एका चौरस मीटरमागे असा एक किरण पडायला सव्वादोन दिवस लागतात. तोही तुमच्या हंड्यापर्यंत पोचत नाही. दहा-वीस किलोमीटर उंचीवरच हवेवर आदळतो, कणांचा फवारा उडतो आणि निळसर प्रकाश काही अब्जांश सेकंद चमकतो. दुर्बीण टिपते ती ही चमक. अशीच चमक टिपायला लडाखात हानले इथे ४,२७० मीटर उंचीवर भारतानं २१ मीटर व्यासाची ‘मेस’ (MACE) नावाची दुर्बीण उभारली. चमक इतकी क्षीण, की एवढा मोठा आरसा लागतो.

“१२.३० ते ३.३०” ही वेळ कुणाला कळली? ३सी २७९ चा प्रकाश पाच अब्जांहून जास्त वर्षं प्रवास करून येतो, म्हणजे तो निघाला तेव्हा पृथ्वी झालेलीही नव्हती. गामा किरण प्रकाशाच्याच वेगानं येतात. त्यांच्या पुढे धावून कुठलीच बातमी येऊ शकत नाही, नासाकडेही नाही. ते पोचले की मगच कळतं.

मोबाईल किरण ओढत नाही. तो रेडिओ लहरींवर चालतो, गामा किरणांशी त्याचा संबंध नाही. पण दम्याच्या बाईनं रात्री फोन बंद ठेवला तर १०८ ला कोण बोलावणार?

एवढं मान्य, की क्वेसारमधून गामा किरण निघतात. ३सी २७९ अधूनमधून एकदम भडकतो, हेही खरं. अशा दुर्बिणी अंधाऱ्या रात्रीच पाहतात, कारण ती चमक फार क्षीण असते. मेसेजातली ‘रात्र’ कदाचित तिथूनच उचलली असेल. बाकी काही खरं नाही.

आत्याच्या नळाला आता गुरुवारी पाणी येईल. तोवर शेजारच्या काकूंनी दोन घागरी दिल्यात. ग्रुपवर ज्यांनी हे टाकलं त्यांनी ते काढावं आणि आत्याला स्वतः फोन करून सांगावं. माझं ती ऐकते, पण तुम्ही वयानं मोठे आहात, तुमच्यावर तिचा जास्त विश्वास आहे.