बेटकुळीचा मुहूर्त

स्नायू कशानं वाढतात, असं कुणी विचारलं तर ‘वजन उचलून आणि पोटभर खाऊन’ असं भाबडं उत्तर देऊ नका. स्नायू घड्याळानं वाढतात. त्यामुळे जिमची वर्षाची फी भरण्याआधी मोबाइलमध्ये सहा गजर लावून घ्या. साडेसहा, साडेनऊ, साडेबारा, साडेतीन, पुन्हा साडेसहा, पुन्हा साडेनऊ. आवाज मोठा ठेवा. इतके दिवस तुम्ही जेवत होतात, आता तुमचं ‘मील’ असतं. आजूबाजूच्यांना ते कळायला नको?

आईला हे पचायला वेळ लागेल. ती आठ वाजता ताट वाढून हाक मारेल.

‘आई, माझं पाचवं मील झालंय. सहावं साडेनऊला.’

‘मग हे काय आहे? गरम आहे तोवर खाऊन घे.’

इथे विरघळू नका. ताटात ज्वारीची भाकरी असेल, वांग्याचं भरीत असेल, त्यावर कच्च्या तेलाची धार असेल. डोळे मिटा. तेच दीड तासानं गार करून खा.

सहा वेळा का, याचं शास्त्र तोंडपाठ हवं. चयापचय म्हणजे चूल. तिच्यात थोडं थोडं सरपण सारत राहिलं की ती पेटती राहते. दोनदाच जेवलात की विझते आणि मग शरीर रात्रीत स्वतःचेच स्नायू खायला घेतं. इतक्या छान उपमेला पुरावा मागणं बरं दिसत नाही. तरी एखादा आगाऊ भेटतोच. म्हणतो, पचनाला किती ऊर्जा लागणार हे दिवसभरात एकूण किती आणि काय खाल्लं यावर ठरतं. प्रथिनांतून मिळणाऱ्या उष्मांकांतले २० ते ३० टक्के ती पचवण्यातच जातात, मग ती दोनदा खा की सहादा. दोन भाकरींचे सहा तुकडे केले म्हणून तिसरी भाकरी होत नाही. अशा माणसाला ब्लॉक करावं.

आता मुख्य विषय, ‘अ‍ॅनाबॉलिक विंडो’. शेवटचा सेट संपला की तीस मिनिटांची एक खिडकी उघडते, असा संप्रदाय आहे. तेवढ्यात प्रथिनं आत गेली तर बेटकुळी, नाहीतर सकाळची सगळी मेहनत मातीत. लग्नाचा मुहूर्त टळला तर निदान गुरुजी दुसरा काढून देतात, इथे तीही सोय नाही. डोंबिवलीकरांनी जरा जास्तच काळजी घ्यावी. जिममधून धावत स्टेशन गाठलंत, गाडीत घुसलात, दिवा ओलांडून मुंब्र्याच्या अलीकडे गाडी उभी राहिली. विसावं मिनिट. प्रथिनांच्या पेयाचा शेकर बॅगेत, बॅग रॅकवर, दोन्ही हात छातीशी चिमटलेले. शेकर हलवायची तेवढी गरज नाही, ते काम पब्लिक करतंय. पंचविसावं मिनिट. तुमच्या तोंडून नकळत निघतं, ‘अरे, माझी विंडो चालली!’ त्यावर खिडकीशी बसलेले काका तुमच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे बघून उठतात आणि म्हणतात, ‘चक्कर येतेय का? बसा, या विंडोला.’ डोंबिवलीच्या गाडीत सकाळी स्वतःहून मिळालेली विंडो! हा चमत्कार तुमच्या लक्षातही येत नाही, कारण तुम्ही रॅककडे हात करून रडकुंडीला आलेले असता.

लग्नकार्यात तर कसच लागतो. मुहूर्त बारा वाजून सदतीस मिनिटांचा, तुमचं तिसरं मील साडेबाराचं. अंतरपाट धरलाय, हातात अक्षता आहेत, ‘सावधान’ म्हणायला सगळ्यांनी श्वास घेतलाय आणि तुमच्या खिशात गजर वाजतो. सख्ख्या बहिणीचं लग्न असलं तरी बिचकू नका. चपलांच्या मांडणीमागे जरा आडोसा असतो, तिथे उकडलेल्या चिकनचा डबा उघडा. एका हातात अक्षता तशाच राहू द्या. त्यांतल्या दोन-चार चिकनवर पडल्या तर पडू द्या, कर्बोदकं आहेत. फक्त नंतर पंगतीत कुणी जिलबीचा आग्रह करायला आलं तर ‘माझं झालंय’ एवढंच म्हणा. कार्यालय शुद्ध शाकाहारी असतं.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या घरोघरी दोन पंथ झाले होते, ते तुमच्याही घरात असतील. बाबा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे, दिवसातून दोनदा आणि तेही पंचावन्न मिनिटांच्या आत. मावशी ऋजुता दिवेकरांची, दर दोन तासांनी थोडं थोडं. दोघांचं भांडण वजन आणि साखरेवरून आहे, तुमच्या दंडाशी त्याचा संबंध नाही. तरी तुम्ही तिसरा झेंडा घेऊन मध्ये उतरा. आजी चौथ्या पंथाची, तिला भूक लागली की ती खाते. तिचं मत कुणी विचारत नाही.

आजीवरून आठवलं. श्रीखंडासाठी दही टांगून चक्का केला की खालच्या पातेल्यात हिरवट-पिवळं पाणी गळतं, ते व्हे. आजी त्यात कणीक भिजवायची. त्यात प्रथिनं पातळशीच असतात हे खरं. कारखाने चीज करताना सुटलेलं असंच पाणी घेतात, गाळून आटवून त्यातली प्रथिनं एकवटतात आणि बॉडीबिल्डरचा फोटो असलेल्या डब्यात भरतात. हे आजीला सांगू नका. इतकी वर्षं आपण पोळ्यांत काय घालत होतो हे कळलं तर ती हिशोब मागेल.

अभ्यासबिभ्यास वाचायचाच असेल तर निवडून वाचा. २०१३ साली शोनफेल्ड, अ‍ॅरॅगॉन आणि क्रीगर या तिघा संशोधकांनी आधीचे प्रयोग एकत्र करून तपासले. व्यायामाला लागून प्रथिनं घेण्याचा जो फायदा दिसत होता, तो मुख्यतः एकूण प्रथिनं जास्त खाल्ल्याचा निघाला. हे वाचू नका. ‘एका वेळी तीस ग्रॅमच्या वर घेतलं की संडासात जातं’ हा जिममधला सिद्धांत, पण २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी व्यायामानंतर एकदम १०० ग्रॅम प्रथिनं पाजली आणि शरीर बारा तासांहून जास्त वेळ ती वापरत राहिलं. हेही नको. २०१३ मधलाच दुसरा एक प्रयोग मात्र छापून पाकिटात ठेवा. त्यात ८० ग्रॅम प्रथिनं बारा तासांत वाटून दिली, तेव्हा दर तीन तासांनी २० ग्रॅम ही वाटणी स्नायूंच्या बांधणीला सरस ठरली. मोजमाप त्या बारा तासांपुरतंच होतं, सहा महिन्यांनी कुणाच्या दंडाला टेप लावली नव्हती, हा भाग घडीत दुमडला जाईल असं बघा. तीन-चार वेळच्या जेवणात प्रथिनं बऱ्यापैकी वाटून घेतली की पुरे, असं म्हणणारेही आहेत. त्यावर कुणाचं ॲप खपलंय?

बेरीज मात्र चुकूनही करू नका. स्नायू वाढवणाऱ्याला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात, असा एक आकडा २०१८ पासून बराच मानला जातो. तुम्ही अडुसष्ट किलोचे, म्हणजे झाले एकशेनऊ ग्रॅम. आता एखाद्या साध्या बुधवारचे डबे उघडा. उपमा, पाच ग्रॅम. व्हेचा एक स्कूप, चोवीस. पोळी-भाजी आणि वाटीभर वरण, पंधरा. एक सफरचंद, शून्य म्हटलं तरी चालेल. भिजवलेले सहा बदाम, दीड; ते सोलायला मात्र आठ मिनिटं. रात्री वरण-भात, आठ. सहाही मील सेकंदाच्या ठोक्यावर आणि बेरीज पन्नासच्या जरा वर. उरलेलं घड्याळ भरून काढेल.

आणि वजनं? मागच्या गणपतीत तुमची बेंच प्रेस चाळीस किलोची होती, याही गणपतीत चाळीसच आहे. ही निष्ठा सोडू नका. पट्टी वाढवायची ती गजराची. कोल्हापूरच्या तालमींत पहाटे उठून जोर-बैठका मारतात, घाम निथळेपर्यंत लढतात आणि मग दूध, तूप, बदामाची थंडाई असा खुराक रिचवतात, हे ऐकून होतात तुम्ही. पण ती कष्टाची कामं. तुमचा दुसरा सेट संपतोय तोवर साडेनऊचा गजर वाजेल. तिसरा सोडा, बार तसाच बेंचवर ठेवा, कोपऱ्यात जाऊन डबा उघडा. प्लेटा जागेवर लावायला सफाईच्या मावशी आहेत. त्या येतील, पदर खोचतील, दहा-दहाच्या दोन प्लेटा दोन हातांत उचलून रॅकला लावतील. तोंडात घास असतानाच त्यांना विचारा, ‘मावशी, तुमचं लास्ट मील कधी झालं?’

‘काय?’

‘शेवटचं खाल्लं कधी?’

‘रात्री. सकाळी नुसता चहा झाला. का, डबा उरलाय का?’

उरलेला असतो. ब्रोकोली.