वर्गणीचा हिशोब मागता, मग निधीचा का नको?

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय चाललाय. फाट्यावर आमदार निधीतून स्वागत कमान मंजूर झालीय, ती बांधायची का नको. एक बाजू म्हणते आलेला निधी परत घालवणारे आपण कोण, घ्या आणि मोकळे व्हा. दुसरी बाजू म्हणजे मुख्यतः वरच्या वाडीतली माणसं, ती म्हणतायत आमच्या नळाला मार्च संपला की पाणी नाही आणि तुम्ही स्वागत कोणाचं करताय. मी पण लिहिलं की कमान राहूदे, आधी विहिरीचं बघा. त्यावर एका काकांनी तडक सुनावलं, "तू तिकडे अमेरिकेत एसीत बसून आम्हाला शिकवू नको, एवढं वाटतं तर ये आणि सरपंच हो." खाली भराभर अंगठे पडले. ग्रुपवर लांबलचक लिहिलं की कोणी वाचत नाही म्हणून इथे लिहितोय. (एसी कसला, एप्रिल आलाय तरी इकडे हीटर चालू आहे, पण ते जाऊदे.)

मी राहतो ते मॅसॅच्युसेट्स राज्यातलं एक छोटं टाऊन. इथे बऱ्याच छोट्या गावांत नगरसेवक वगैरे भानगड नाही, दर वर्षी साधारण उन्हाळ्याच्या तोंडावर टाऊन मीटिंग भरते, शाळेच्या हॉलमध्ये, आणि गावाचं अख्खं वर्षाचं बजेट तिथे लोकांसमोर एकेक विषय घेऊन मंजूर होतं. विषयांची यादी आधी प्रसिद्ध होते, गावातल्याच माणसांची एक फायनान्स कमिटी असते ती प्रत्येक खर्चावर आपलं मत लिहून देते, आणि कोणताही मतदार माईकपाशी जाऊन प्रश्न विचारू शकतो. दहा मतदारांनी सह्या करून दिल्या की वार्षिक सभेच्या यादीत तो विषय घ्यावाच लागतो, नाही म्हणायची सोय नाही. मी ग्रीन कार्डवाला, इथला नागरिक नाही, म्हणून मला मत नाही, त्यामुळे आम्ही मत नसलेले लोक बाजूला वेगळ्या खुर्च्यांवर बसतो आणि गंमत बघतो. म्हणजे बघा, इथे टॅक्स भरतो पण मत नाही, आणि गावी यादीत नाव आहे पण घरपट्टी वडिलांच्या नावावर, ती पण वर्षाला काही शे रुपये.

मागे एका मीटिंगला आगीचा बंब नवीन घ्यायचा की जुनाच दुरुस्त करून अजून थोडी वर्षं ओढायचा, एवढ्यावर पाऊण तास चर्चा झाली. एक आजीबाई उठल्या, जुन्या बंबाच्या दुरुस्तीवर आत्तापर्यंत काय खर्च झाला त्याचा कागद मागितला, आणि तो फायर चीफ बिचारा घाम पुसत उत्तरं देत होता. मला पहिल्यांदा वाटलं काय हे लोक रिकामटेकडे आहेत. पण कारण साधं आहे. गावाचा बराचसा खर्च घराच्या टॅक्समधून निघतो, तो टॅक्स बहुतेक ठिकाणी दर तीन महिन्यांनी भरायचा असतो आणि त्याचा आकडा बघून पोटात गोळा येतो. वर 1980 साली इथल्या लोकांनी मतदान करून एक कायदा करून घेतलाय, की गावाने गोळा करायच्या एकूण घरटॅक्समध्ये वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करायची नाही, नवीन बांधकामं झाली त्यांचा टॅक्स वेगळा, आणि त्याच्या वर पाहिजे असेल तर परत लोकांचं मत घ्या. त्यामुळे प्रत्येक डॉलरला कोणीतरी मालक आहे, आणि मालक समोर बसलेला आहे.

आता आमच्या गावचं सांगतो, गुहागर तालुक्यात खाडीच्या कडेला आहे, नाव कशाला घेऊ. शिमगा झाला की ग्रामदेवतेच्या देवळात जमाखर्च वाचतात. घरटी पट्टी किती जमली, मुंबईकर मंडळाने किती पाठवले, मंडपवाल्याला किती, ढोलवाल्यांच्या चहाला किती, पालखीच्या फुलांना किती, नारळ किती फुटले आणि किती उरले. मी लहान असताना बघितलेलं आहे, बॅटरीच्या सेलच्या पावतीवरून दोन भावकीत असं वाजलं होतं की एक घर पुढच्या वर्षी पालखीला खांदा द्यायला आलं नाही. अजून पण तसंच आहे, खजिनदार झालेला माणूस वर्षभर वही घेऊन झोपतो. आमचा माणूस हिशोबाला ढिला आहे असं कोणी म्हणू नये. कोकणातला माणूस पाच रुपयांचा हिशोब तीन पिढ्या लक्षात ठेवतो.

मग हीच माणसं ग्रामसभेला का नसतात? कायद्याने वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात. कोरम म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते. आणि तेवढी पण जमत नाहीत, म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला परत कोरम लागत नाही! म्हणजे पुढच्या वेळी सरपंच, ग्रामसेवक (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, 2024 मध्ये नाव बदललं), शिपाई आणि दारात उभे असलेले चार जण एवढ्यावर वर्षाचा विकास आराखडा मंजूर होऊ शकतो, रजिस्टरवर सह्या नंतर घरोघर फिरून. त्या सह्या सोडल्या तर यात बेकायदेशीर शोधायला गेलात तर फार काही मिळायचं नाही, बाकी सगळं नियमात बसतं, तीच तर मजा आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण ह्या पैशाला आपला मानतच नाही. देवळाची पट्टी आपल्या खिशातून जाते, ती दिसते. शासनाचा निधी मात्र 'वरून येतो'. कोणी म्हणतं 2515 मधून (हे राज्याच्या ग्रामविकास निधीचं खातं) रस्ता आणला, कोणी जनसुविधा योजनेतून स्मशानशेड आणली, आणली म्हणजे काय, जणू काय त्यांच्या घरच्या पडवीतून काढून दिली. बॅनरवर फोटो पण त्यांचा. आमदाराला वर्षाला 5 कोटी रुपये निधी असतो आणि तो त्यांच्या शिफारशीने खर्च होतो, त्यामुळे त्यातून काय मागायचं हे गाव ठरवत नाही, गावातला जो माणूस त्यांच्या जवळचा तो ठरवतो. कमान दिसते, हायमास्ट दिसतो, पेव्हर ब्लॉक दिसतात, उद्घाटनाला नारळ फोडता येतो. विहिरीतला गाळ काढला तर नारळ कुठे फोडणार.

पाण्याचं थोडं सविस्तर सांगतो कारण खरा मुद्दा तिथेच आहे. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर येतो, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर थापा वाटतात. पण सगळा जांभ्याचा कातळ, उतार सरळ समुद्राकडे, पाणी थांबतच नाही. जलजीवन मिशन 2019 ला आलं, माणशी दिवसाला 55 लिटरचा हिशोब, पाईप आले, घरोघर तोटी आली, फोटो काढून झाले. पण योजनेची विहीर पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला आहे आणि तो पऱ्या एप्रिलमध्ये कोरडा पडतो, हे आमच्या काकीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं, ती स्वतःहून बोलली. आता तोटीला ती फडकं अडकवते वाळत घालायला आणि कळशी घेऊन जुन्या विहिरीवर जाते, वयाच्या सत्तरीत.

ह्या योजनेत गावातल्या कामाच्या खर्चाचा काही भाग लोकवर्गणी म्हणून गावाने घालायचा असतो, सरसकट 10 टक्के, डोंगरी भागात 5. आणि नंतर पंपाचं लाईट बिल, दुरुस्ती, सगळं पाणीपट्टीतून. आमच्याकडे पाणीपट्टी भरायला लोक नाखूश, म्हणतात पाणीच येत नाही तर पट्टी कसली, पंचायत म्हणते पट्टीच येत नाही तर बिल कुठून भरू, आणि दोघांचं पण खरं आहे. इकडे पाण्याचं बिल वेगळं येतं, चांगलं चटका लावणारं येतं, पण चार तास पाणी गेलं तर त्याच दिवशी फोन करून झापायचा हक्क पण त्यातूनच येतो.

आणखी एक गोष्ट, जी मुंबईकरांना आवडणार नाही. वित्त आयोगाचा पैसा, म्हणजे केंद्र सरकारचं अनुदान, पंचायतीला येतो तो मुख्यतः लोकसंख्या बघून, आणि जनगणनेत तुम्ही मोजले जाता जिथे राहता तिथे, म्हणजे नालासोपाऱ्यात नाहीतर दिव्यात. गावाच्या नावावर तुमचा पैसा येत नाही. गणपतीत मात्र गावात तिप्पट माणूस, तिप्पट पाणी, तिप्पट कचरा, आणि चाकरमान्यांची अर्धी घरं घरपट्टीच्या थकबाकीत. त्यात आमच्यासारखे परदेशातले पण आले, मी कोणाला सोडत नाहीये. निवडणुकीला उमेदवाराच्या गाडीतून यायचं, मत द्यायचं, मच्छी खायची आणि जायचं, आणि वर गावाचा विकास का होत नाही म्हणून ग्रुपवर ओरडायचं.

काका म्हणतील वरून जे येतं त्यावर आपलं काय चालतंय. खरं आहे, आमच्या तालुक्याने एन्रॉन, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प, बघितलाय. 1993 मध्ये वीज खरेदीचा करार, 1995 मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने रद्द केला, परत वाटाघाटी करून चालू केला, 2001 मध्ये वीज परवडेना म्हणून बंद, त्याच वर्षी डिसेंबरात तिकडे अमेरिकेत कंपनीच बुडाली. नंतर 2005 ला सरकारी कंपन्यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर काढली आणि प्रकल्प त्यांच्याकडे गेला. अंजनवेलच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, धुराडी उभी राहिली, एवढ्या हजार कोटींच्या व्यवहारात गावाला कोणी विचारलं नाही. मुंबई-गोवा हायवेबद्दल तर लिहायला नको, ज्यांची मुलं कामं सुरू झाली तेव्हा बालवाडीत होती ती आता कॉलेजला जातात त्याच खड्ड्यांतून. मालवणच्या राजकोटावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा 4 डिसेंबर 2023 ला उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 ला पडला, नऊ महिने पण पूर्ण नाही. जिल्हा परिषदेची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता, म्हणजे विचारायचं कोणाला. हे सगळं मान्य. पण म्हणूनच सांगतो, जो थोडका पैसा खरोखर गावाच्या हातात येतो, वित्त आयोगाचा, पंधराव्या आयोगात त्यातले 60 टक्के तर पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेले होते, 40 टक्के गावाने ठरवायचे होते, निदान त्याचा तरी देवळासारखा हिशोब मागा की.

आता इकडचं सगळं सोन्याचं आहे असं पण नाही, ते सांगितलं पाहिजे. पंधरावीस हजार वस्तीच्या गावात मीटिंगला येतात दोनतीनशे माणसं, ती पण ज्यांना रात्री वेळ आहे अशी, लहान पोरं असलेली आई आणि रात्रपाळीवाला नसतोच. म्हाताऱ्यांचं उत्पन्न पेन्शनएवढं, घराचा टॅक्स वाढला तर त्यांना घर विकावं लागेल, म्हणून शाळेसाठी जास्त टॅक्स लावायचा प्रस्ताव ते पाडतात, मग शिक्षक कमी होतात, लायब्ररीचे तास कमी होतात. दोन्ही बाजूंना राग येतो आणि दोन्ही बाजू शेजारी राहतात. आणि स्वतःच्या गावाचा मालक असण्याचा एक वास पण असतो. राज्याने 2021 मध्ये कायदा केला की बॉस्टनच्या लोकल गाड्यांच्या पट्ट्यातल्या गावांनी फ्लॅटच्या इमारतींना थोडी जागा मोकळी करावी, तर मिल्टन नावाच्या गावाने 2024 ला मतदान करून चक्क नाही म्हटलं, प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. बाहेरचा नको, हे आमच्या वाड्यांना काय नवीन आहे. तर पद्धत उचलायची तर तिची ही खोड पण बरोबर येणार, हे धरून चाला.

सरपंच व्हायला मी येत नाही काका, जमणार नाही, आणि तुम्ही निवडून पण देणार नाही. पण हिशोब विचारायला सरपंच व्हावं लागत नाही. ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर पंचायतीचा वित्त आयोगाचा आराखडा आणि खर्चाची व्हाउचर कोणालाही बघता येतात, मी इथून रात्री बसून बघितली. कमान त्यात दिसणार नाही कारण तो निधी वेगळा, पण नळपाणी दुरुस्तीच्या नावावर काय पडलंय ते दिसतं, आणि पाणी सोडणारा शिपाई सांगतो मोटर गेल्या वर्षीचीच आहे. कदाचित पाईपवर गेले असतील, कदाचित अजून खर्च व्हायचे असतील, मी कोणावर आरोप करत नाही. पण विचारायला पाहिजे, आणि उत्तर रजिस्टरवर यायला पाहिजे.

1 मे ला ग्रामसभा आहे. वर्षातली ही एकच सभा अशी की तेव्हा निम्मी मुंबई गावात असते, आंबे असतात, लग्नं असतात, सगळे असतात. सकाळी झेंडा झाला की दोन तास काढा, बीचवर संध्याकाळी जा. विषय लेखी द्या, दोनच ठेवा, विहिरीचा गाळ आणि वरच्या वाडीसाठी साठवण टाकी, आणि ठराव लिहून झाल्याशिवाय उठू नका. आमच्या घराची थकबाकी असेल ती चुलतभावाकडे पाठवलीय, पावती ग्रुपवर टाकायला सांगितलीय. ज्यांची राहिलीय त्यांनी पण टाका, म्हणजे काकांना आम्हाला बोलायला एक विषय कमी होईल.