उरलेल्या कोपऱ्यातला एसएमपीएस

कंट्रोल पॅनेलमध्ये मशीनचा मेंदू असलेला पीएलसी मधोमध बसला, दारावर एचएमआयचा स्क्रीन झळकला, मोटारी चालवणाऱ्या ड्राइव्हना ऐसपैस जागा मिळाली. आता उरलेल्या कोपऱ्यात, उरलेल्या पैशांत एसएमपीएस बसवून टाका. २४ व्होल्ट डीसी पुरवणारा डबा तो, त्याचं कसलं कौतुक?

लोडची बेरीज ४.८ अँपिअर आली ना? मग ५ चा घ्या, ०.२ शिल्लक राहतात की! व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सगळ्या कॉइल, म्हणजे सोलेनॉइड, एकदम ओढले तर, अशी शंका काढू नका. तसं फक्त मशीन चालू असतानाच होतं. डेटाशीटच्या मागच्या पानावर एक घसरता आलेख असतो, तिकडेही फिरकू नका. बऱ्याच सप्लायमध्ये ५० अंशांनंतर दर अंशाला अडीच टक्के क्षमता कमी होते. म्हणजे ६० अंशांना तुमच्या ५ चे पावणेचार उरतात. आणि ६० अंश यावेत म्हणून तर आपण तो ड्राइव्हच्या डोक्यावर, वर-खाली वायर डक्ट चिकटवून बसवलाय. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. होऊ द्या, वॉरंटी त्याआधी संपते.

केबलमध्ये तर हात आखडताच ठेवा. १०० मीटरवरच्या व्हॉल्व्हना १ चौरस मिलिमीटरची वायर पुरे. जाऊन-येऊन २०० मीटर तांबं, म्हणजे साडेतीन ओहम. २ अँपिअर गेले की ७ व्होल्ट वाटेतच संपले. व्हॉल्व्हपाशी १७ पोचतात, तो नुसता थरथरतो. मल्टिमीटर मात्र पॅनेलमध्येच लावायचा. तिथे अगदी २४ दिसतात. कुणी फारच कटकट केली, तर एसएमपीएसवरचा व्होल्टेज वाढवायचा स्क्रू, म्हणजे ट्रिमपॉट, पिळून २८ करा. जवळचे सेन्सर तापतील, पण तक्रार तर मिटेल.

आता माझा आवडता भाग. सगळ्या फील्डला, म्हणजे पॅनेलबाहेरच्या सेन्सर-व्हॉल्व्हना, मिळून एकच सी कर्व्हचा एमसीबी लावा. तो झटक्यात पडायला रेटिंगच्या पाच ते दहा पट करंट लागतो, डीसीवर त्याहूनही जास्त. आपला एसएमपीएस दीडपटीच्या आसपासच हात वर करतो. त्यामुळे कुठल्याशा प्रॉक्सिमिटी सेन्सरची केबल चिरडली, तरी एमसीबी ढिम्म हलत नाही. २४ व्होल्टच बसतात आणि त्यांच्यासोबत पीएलसीही. क्षणभरात सगळं परत सुरू. एकही दिवा लाल नाही, कुठेही नोंद नाही.

मग रात्री तीन वाजता प्रोग्रामरला उठवा. ‘प्रोग्राम अधूनमधून अडकतो’ एवढंच सांगा. तो लॅपटॉप जोडेल, दोन तास लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्राम, चाळेल आणि शेवटी कंटाळून सुरुवातीला पाच सेकंदांचा टायमर टाकून जाईल. व्होल्टेज बसलं की कळवणाऱ्या, एसएमपीएसच्या ‘डीसी ओके’ कॉन्टॅक्टचे दोन स्क्रू मात्र खोक्यातून निघाले तसेच, कोरे करकरीत.