८० किमीचं मॉड्यूल म्हणजे जास्त सुरक्षित नव्हे

फायबर लिंकवरच्या लेखात म्हटलंय, शंका असेल तर सरळ ८० किमीचं १०जी मॉड्यूल (स्विचमध्ये बसणारा, सेकंदाला १० गिगाबिट वेगाने फायबरवर प्रकाश पाठवणारा-घेणारा भाग) घ्या. कृपया असं करू नका. पणजी ते म्हापसा फायबर साधारण १३ किमी. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला किमीमागे ०.२५ डीबी (डेसिबल) घट धरा, कनेक्टर मिळवा, तरी घट ४-५ डीबीच. ० ते +४ डीबीएमने (डीबीएम हे प्रकाशाच्या शक्तीचं माप) निघालेला प्रकाश पलीकडे −५ ते ० वर पोचतो, आणि त्या मॉड्यूलच्या रिसीव्हरला (प्रकाश घेणाऱ्या भागाला) −७ च्या वर झेपत नाही. आधी एरर वाढतात, मग आतला प्रकाश टिपणारा डायोड कायमचा जाऊही शकतो. रिसीव्हरच्या बाजूला १० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर (प्रकाश मुद्दाम कमी करणारा तुकडा) लावा, नाहीतर ४० किमीचंच घ्या. त्यालाही ५ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर लागू शकतो. जोडण्याआधी पॉवर मीटर लावून किती प्रकाश पोचतो ते बघाच. आणि पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत एलसी कनेक्टरचं (फायबरच्या छोट्या प्लगचं) टोक टोपीशिवाय सोडू नका, पुसताना शर्टाचं टोक तर मुळीच नको.